लेमुएलचा वाटा

देवाला स्मरून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो मी, जेडेडाया थर्स्टन, वय एकाहत्तर, धंदा वकिली, राहणार वेल्सबरी, कनेक्टिकट. पाय गेले आहेत, डोके जागेवर आहे. ज्यांना तेही गेलेले हवे आहे, त्यांच्यासाठी डॉक्टरांनाच साक्षीला बसवले आहे.

१. घर, सफरचंदांची बाग व नदीकाठचे कुरण माझी विधवा मुलगी मेहिटाबेल हिला. तिची आई तापाने गेली तेव्हा मी फिलाडेल्फियात स्वातंत्र्यावर भाषणे करत होतो. उशाशी आमचा लेमुएल होता.

२. कायद्याची पुस्तके कोर्टाला. इंग्लंडच्या राजाच्या नावाची पाने कोणी फाडू नयेत. त्याच पानांवरून आम्ही राजाला कोंडीत पकडले.

३. मुलगा लेमुएल यास काहीही देता येत नाही. तो राजाच्या बाजूचा राहिला.

"शपथ मोडायची नसते, हे तुम्हीच शिकवलंत ना, बाबा?"

"राजानं आधी मोडली!"

"मग तुमचं राज्य तुम्हाला लखलाभ."

गावाने त्याला डांबर फासले, पिसे चिकटवली, गाड्यावरून धिंड काढली. पुढे होता ॲसा ब्रॅकेट, जो आता कर्नल म्हणवतो. लेमुएल राजाच्या मुलखात, हॅलिफॅक्सला पळाला. नंतर कायदा झाला की अशा पळालेल्यांना या राज्यात मालमत्ता बाळगता येणार नाही. मसुदा माझा. तो मला आजही योग्य वाटतो. झोप मात्र लागत नाही.

४. हा ब्रॅकेट दर रविवारी चर्चच्या दारात, चारचौघांत विचारतो, "काय थर्स्टनसाहेब, चिरंजीवांची काही खबर?" माझ्या शवपेटीला त्याचा हात लागू नये. मानवंदनेची तोफ उडवू नये. भाषण मुळीच नको.

इथे डॉक्टर म्हणाले, "साहेब, फार कडू लिहिताय."

"तुमच्या काढ्यापेक्षा कमीच आहे. पुढे ऐका."

५. वरची पूर्वेकडची खोली मेहिटाबेलने झाडून, अंथरूण घालून तयार ठेवावी. पाहुणा कोण यावा, किती राहावा, परत जावा की न जावा, हे घरच्या मालकिणीने ठरवायचे. ब्रॅकेट शिपाई घेऊन आलाच, तर त्याच्यापुढे कायदा धरावा. त्यात मालकीला बंदी आहे, मुक्कामाला नाही. मी शब्द न् शब्द पुन्हा तपासला आहे.

जेडेडाया थर्स्टन (सही)

आमच्यासमोर वाचून सही केली:
डॉ. एलिफॅलेट ग्रोव्हर
रूबेन टटल, पिंपे बनवणारा, शेजारी

वेल्सबरी, ९ नोव्हेंबर १७८९