तलाव भरतो तो दिवस

तळेवाडी, मुलुंडच्या पलीकडे
२१ जुलै १९५६

प्रिय जयू,

तुझं कार्ड परवा मिळालं. वर्षभराने! आणि त्यात ओळी किती, तर दोन. 'तलाव बघायची इच्छा अजून आहे. कोणत्या ऋतूत येऊ ते तुझ्या सोयीने कळव.' अगं, माझ्या सोयीने? मुलुंडच्या एकाच चाळीत, एकाच नळावर भांडून आपण मोठ्या झालो, आणि तू मला सोय विचारतेस! असा राग आला म्हणून सांगू. मग कार्ड पुन्हा वाचलं आणि कुणी कुणावर रागवायला हवं ते कळलं. मागच्या जुलैत तू येते म्हणालीस. तुझे यजमान, नंदकिशोर, जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते, सांगलीत भावाच्या घरी तुझा जीव गुदमरत होता. आणि मी काय कळवलं? 'पावसात नको गं, रस्ता वाहून जातो, जळवा असतात, थंडीत ये.' तू थंडीत आली नाहीस, पत्रही टाकलं नाहीस. म्हणून या वेळी उत्तर नीट विचार करून लिहिते आहे. हे पत्र चुकलं तर तू माझ्यापासून कायमची तुटशील, एवढं मला समजतं.

आधी आमच्या ह्यांना विचारलं. तलावाचं पाणी मोजणं हीच ह्यांची नोकरी. भिंतीजवळ पाण्यात एक खांब रोवलाय, त्यावर फुटांचे आकडे रंगवलेत. रोज सकाळी सहाला जायचं, पाणी कुठवर आलं ते बघायचं आणि वहीत लिहायचं. सात वर्षं हेच करून माणूस महिने विसरलाय! आमची बेबी कधी झाली विचार, 'एकोणतीस फूट होतं तेव्हा' म्हणतात. मी म्हटलं, जयूला कधी बोलवू? तर दाढी करता करता मान न वळवता म्हणाले, 'पस्तीस फुटाला.' कपाळ माझं! पस्तीस म्हणजे तलाव काठोकाठ.

पण थंडीबद्दल मी लिहिलं होतं ते काही खोटं नव्हतं हं. डिसेंबरात पहाटे इथे तलाव दिसतच नाही. दाराबाहेर पाऊल टाकलं की नुसतं पांढरं. मग ऊन वर चढतं तसतसा आधी पलीकडचा डोंगर दिसतो, मग झाडं, आणि मग पाण्यावर बसलेली बदकं, शेकड्यांनी! कुठून येतात देव जाणे. पहिल्या वर्षी मी चूल पेटवायची सोडून तशीच उभी राहिले, हातात फुंकणी घेऊन, आणि सासूबाईंच्या शिव्या खाल्ल्या.

उन्हाळ्यात ये म्हटलं असतं तरी वावगं नव्हतं. एप्रिल-मेमध्ये पाणी मागे मागे जातं आणि मैलभर चिखल उघडा पडतो. तुला वाटेल त्यात काय बघायचं? एकदा सकाळी हे मला हाताला धरून घेऊन गेले. ओल्या चिखलात बिबट्याचे पंजे उमटले होते. पाण्यापर्यंत आलेले आणि तसेच परत गेलेले. त्याच्या शेजारून हरणाच्या खुरांची ओळ. आम्ही चादरी ओढून झोपलो होतो तिथून फार तर दोनशे पावलांवर! मला भीती नाही वाटली गं, नवल वाटलं. आपण इथे राहतो म्हणजे केवढ्या मोठ्या घरात राहतो, असं वाटलं. मुलुंड स्टेशन टांग्याने पाऊण तासावर आहे, हे कुणाला खरं वाटणार नाही.

आणि आता पाऊस. हे मी तुला मागच्या वर्षी सांगायला हवं होतं. जुलैच्या शेवटी नाहीतर श्रावण लागता लागता तलाव भरतो. भिंतीची एक बाजू मुद्दाम बुटकी ठेवलीय, तिला सांडवा म्हणतात. पाणी एकदा त्या उंचीला आलं की वरून सांडायला लागतं. आधी आवाज नसतो. दगड नुसते ओले होतात, काळे होतात. मग एका टोकाला पाण्याची एक धार उतरते, मग तिच्या शेजारी दुसरी, आणि बघता बघता सगळी भिंतच पाणी होते. असा घुमतो तो आवाज की पायाखालचा दगड थरथरतो. खालच्या खडकांवरून मासे उलटे वर उड्या मारतात. एवढी आमची शंभर घरांची तोंडाळ वस्ती, पण त्या वेळी कुणी बोलत नाही. मी सात वेळा पाहिलंय आणि सातही वेळा रडलेय. दुःखाने नाही. एवढं मोठं काहीतरी आपल्यासमोर होतंय आणि आपल्याला कुणीतरी उभं राहू दिलं, यानेच भरून येतं.

जयू, थंडीपेक्षा, उन्हाळ्यापेक्षा हा दिवस चांगला, हे मला मागच्या वर्षीही माहीत होतं. मग का नाही बोलावलं? तर त्या दिवशी वस्तीतल्या सवाष्णी ताटं घेऊन भिंतीवर जातात आणि तलावाची ओटी भरतात. खण, नारळ, हळदकुंकू. तू नेमकी त्याच आठवड्यात येणार होतीस. माझ्या दारात तू कुंकवाशिवाय उभी राहशील, मुकादमाच्या माणिकवहिनी पदराने ताट झाकतील, बाजूला सरतील, हे सगळं मला दिसलं आणि मी घाबरले. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. मनात म्हटलं, सासूबाईंना चालणार नाही. त्यांचं नाव पुढे केलं की मला स्वतःला काही विचारावं लागत नव्हतं. त्यांना मी एका शब्दानेही विचारलं नव्हतं.

त्या वर्षी ओटी भरून मी घरी आले. सासूबाई पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मामंजी गेल्यापासून त्या पहिल्या दिवशी भिंतीवर येत नाहीत. दोन-तीन दिवसांनी, बायकांची वर्दळ संपली की जाऊन बघून येतात. आमच्या पडवीतून सांडवा दिसत नाही, नुसता ऐकू येतो. मान वर न करता त्या म्हणाल्या, 'ती तुझी मैत्रीण यायची होती ना गं? आली असती तर बरं झालं असतं. एकटीला आवाज ऐकत बसायचा कंटाळा येतो.' मी तशीच उभी राहिले. सात वर्षं मी त्यांच्यासमोरून ताट घेऊन जात होते, आणि मला एकदाही वाटलं नव्हतं की आत बसलेल्या माणसाला बाहेर यावंसं वाटत असेल.

तुला हे कळवायला मला वर्ष लागलं. लाज वाटत होती, दुसरं काय! पण आज सकाळी पाणी तेहतीस फूट आठ इंच होतं, हे म्हणतात आठवडाभरात भरेल. काल मी सासूबाईंना म्हटलं, या वर्षी जयूला बोलावते, आपण तिघी मिळून ओटी भरू. 'वेड लागलंय तुला,' म्हणाल्या आणि आत गेल्या. संध्याकाळी बघते तर पेटीतलं धुवट लुगडं त्यांनी दांडीवर वाऱ्याला टाकलं होतं. मग माणिकवहिनींनाही सांगून टाकलं, त्या तोंड वाकडं करून गेल्या, जाऊ देत. आता तू आली नाहीस तर सासूबाई ते लुगडं पुन्हा घडी करून ठेवतील, एकट्या यायच्या नाहीत. म्हणून शाळेत शिकवणं आठ दिवस राहू दे, रजा काढ आणि निघ. त्यांच्यासाठी ये म्हणणार होते, पण पुन्हा त्यांचं नाव पुढे करत नाही. माझ्यासाठी ये. तलाव भरला, सगळी वस्ती भिंतीवर गेली, तरी तू येईपर्यंत आम्ही दोघी दारातच थांबणार आहोत.

तू म्हणशील तर अजूनही तुझीच,
सुलू