तीन सेंटिमीटर आणि तीनदा ‘सुरेख’

हामामात्सु,
२३ डिसेंबर

तीर्थरूप ताईस,

युकिनोरीचा कमरेत वाकून नमस्कार. नागानोत बर्फ पडायला लागलं असेल. इथे नुसता वारा. काल वाळत घातलेले माझे दोन मोजे शेजाऱ्यांकडे गेले. (एक परत आला.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींनी मीठ कमी केलं का?

तुझी कोतोने आणि तिचे विद्यापीठातले सोबती स्पर्धेसाठी शर्यतीची गाडी बांधताहेत, आणि त्याच स्पर्धेच्या नियम समितीवर मी आहे, हे तुला ठाऊक आहे. त्यातून मी काय ओढवून घेतलं ते ठाऊक नाही, म्हणून हे पत्र.

गाडीत चालकाच्या पायांची जागा आतापेक्षा तीन सेंटिमीटर जास्त रुंद हवी, यावर समितीत दुमत नव्हतं; अपघातात घोटा वाचतो. वाद एवढाच, की नियम येत्या सप्टेंबरच्या स्पर्धेला लावायचा की एक वर्ष थांबायचं. मुलं ऑक्टोबरात आराखडा काढतात, डिसेंबरात सांगाडा जोडतात. आता नियम बदलणं म्हणजे भात शिजल्यावर तांदूळ निवडायला बसणं. माझं मत थांबण्याचं होतं. पण भाची स्पर्धेत, म्हणून मी आपणहून मतदानातून बाहेर पडलो, व्हरांड्यातल्या यंत्रात नाणं टाकून मक्याच्या गरम सुपाचा डबा घेतला आणि तळाला चिकटलेला शेवटचा दाणा काढायला डबा आपटत उभा राहिलो. तेवढ्यात आत तीन विरुद्ध तीन झाले आणि अध्यक्ष कुरामोची सरांनी निर्णायक मत दिलं : येत्या सप्टेंबरलाच. मी आत असतो तर चार-तीनने वर्षभर थांबलो असतो. (हा प्रामाणिकपणा की प्रामाणिक दिसायची हौस, हे मी रोज डायरीत लिहितो आणि खोडतो. दाणाही निघाला नाही.)

निर्णय बारा दिवसांनी जाहीर व्हायचा होता. तोवर तोंड बंद. दुसऱ्याच दिवशी कोतोनेचा फोन. “मामा, पुढचा भाग पक्का जोडायला घेतोय. येतोस ना? की समितीवर गेल्यापासून फार मोठा झालास?” न जावं तर तीच सूचना, जावं तर चेहरा सूचना देणार. गेलो.

सगळ्या नळ्या वेल्डिंगच्या नुसत्या तात्पुरत्या टाक्यांवर उभ्या होत्या. एकच जोड कोतोनेने पक्का केला होता. ताई, माझी वीस वर्षं कारखान्यात जोड तपासण्यात गेली, पण असा जोड मी पाहिला नव्हता. माशाच्या खवल्यांसारखा, एकावर एक, श्वास रोखून केलेला. माझ्या तोंडून “सुरेख” निघालं. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. कोतोनेने हातमोजे काढून ठेवले.

नियम जाहीर झाला त्या दिवशी मिठाईचा डबा घेऊन माफी मागायला गेलो. वाटलं, रडारड असेल. बघतो तर अकरा जणं शांतपणे टाके तोडून सांगाडा रुंद करत होती. तो सुरेख जोड कोतोनेने स्वतःच्या हाताने कापला, तुकडा फडक्याने पुसला आणि फळीवर ठेवला. त्या वयात मला साधा निबंध पुन्हा लिहायला सांगितला तर मी आठवडाभर रुसायचो.

“अरे मामा, आम्ही तेव्हाच काम थांबवलं होतं,” कोतोने म्हणाली. “मी शाळेत पहिली आले तेव्हा तू काय म्हणालास? ‘अक्षर सुधार.’ तुझ्या तोंडून तीनदा सुरेख? म्हटलं, नक्की कोणीतरी गेलंय! माणूस नाही, तर मग आमचा सांगाडा.”

म्हणजे मी गुपित फोडलं. इतर संघांचे पक्के सांगाडे वाया गेले, त्यांना असा मामा नव्हता. मी स्वतःच समितीला कळवलं. (“तेव्हा तुम्हाला नुसता खोकला तरी यायला हवा होता!” असं कुरामोची सर म्हणाले.) आता त्यांनी ठरवलंय : स्तुती माझ्या स्वभावात असेल तर ठीक, नसेल तर ती सूचना, आणि कोतोनेचा संघ स्पर्धेबाहेर. जोड खरंच तसा होता, हे मी शपथेवर सांगेन. पण मनात अपराध नसता, तर मी तोंड उघडलं असतं का? हे मात्र मला सांगता येत नाही.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
युकिनोरी

ता. क. : गुरुवारी कुरामोची सर तुला फोन करून विचारतील, “तुमचा भाऊ एरवी स्तुती करतो का?” खरं तेच सांग. मी काहीही सुचवत नाही.

आणखी ता. क. : तू मागच्या हिवाळ्यात पाठवलेलं मुळ्याचं लोणचं अप्रतिम होतं. लग्नात तू फार सुंदर दिसत होतीस. भावोजी गातात चांगले. (हे शेवटचं खोडलेलं समज.) बाकी सगळं मला तेव्हाच वाटलं होतं, म्हणायचं राहून गेलं. ही स्तुती त्या त्या तारखेपासून लागू धरायची की पुढच्या वर्षापासून, ते कृपा करून गुरुवारच्या आत ठरव.