आपोआप उजेड

३ मार्च
आले एकदाची नव्या घरात! दुसरेपणावर आले खरी, पण हौस कमी नाही. ह्यांची थोरली बायको तीन वर्षांपूर्वी गेली. हे बियाण्यांच्या कॅटलॉगसाठी घरच्याच बागेचे फोटो काढतात. मी लग्नाआधी स्टुडिओत होते, म्हणून फोटो सुधारायचं काम माझ्याकडे आलं. कॅमेऱ्यातला कच्चा फोटो म्हणजे न शिवलेलं कापड, बेतणं आपल्या हातात. खिडकीशी टेबल, समोर डेलियाचे वाफे. आणखी काय हवं!

५ मार्च
एकशे बारा फोटो एकदम निवडून ‘ऑटो’ दाबलं. प्रोग्रॅम काळोख जोखतो, उजेड स्वतःच कमीजास्त करतो आणि शेजारी आकडा दाखवतो. बहुतेकांना अधिक अर्धा. डेलियामागे बागेतला बाक आलेल्या फोटोंना मात्र अधिक दोन, तेही भर उन्हातल्या! यंत्राला काय कळतंय म्हणत मी आकडा शून्यावर आणला. हे मागेच उभे होते. म्हणाले, तिथे ऑटोच राहू दे, थोरलीही तसंच करायची. झालं! बाग तिची, बाक तिचा, आता उजेडही तिच्याच मर्जीचा.

८ मार्च
त्यातला एक फोटो मोठा करून पाहिला. फोकस डेलियावर नाहीच, मागच्या रिकाम्या बाकावर आहे. सासूबाई म्हणाल्या, आजारपणात थोरली तिथेच बसून असायची. मेलेल्या बाईचा मत्सर करू नये, कळतं मला. तरी पोटात दुखतंच. लग्नापासून माझा एक तरी फोटो काढलाय का ह्यांनी?

११ मार्च
आज काढलेल्या बाकाच्या फोटोला ऑटो, अधिक तीन. बाकावरची सावली उजळली. आत गुडघे, हात, सैल वेणी. बाई बसली आहे.
खोटं कशाला लिहू, आधी भीती नाही वाटली. आधी जळले. काय देखणी आहे मेली!

१२ मार्च
तिच्यावर काळोख ओढला. उणे पाच. गेली.
संध्याकाळी ह्यांनी पुन्हा ऑटो दाबलं. आता ती उभी होती. हे हसले. माझ्याकडे बघून असे कधी—

१४ मार्च
हट्टच धरला. बाकावर बसले, म्हटलं माझा काढा. काढला. शेजारी कुणी नव्हतं, पण खांदा गार पडला.
फोटोत एकटी मी. छान आले होते. ह्यांनी ऑटो दाबलं. अधिक पाच. ती दिसेल इतका उजेड.
ती दिसली. मी पांढरी. नाक नाही, डोळे नाहीत. स्टुडिओत अशा चेहऱ्याला ‘जळला’ म्हणतात.

१५ मार्च
आरशातही—
सासूबाई चहाला हाक मारतायत. तिला.
हे म्हणाले, फोटो असाच ठेवू. मी ओरडले. ह्यांची मान वळली नाही.
बोटं दिसत नाहीत. कागद आणि हात एकच—
ती आत आली. ह्यांनी खुर्ची ओढून दिली. मला कधी—
आकडा खाली आणा हो. एकदा तरी माझा चेहरा बघून उजेड लावा, एकदा तरी माझ्या—