खड्ड्यातली खुर्ची

ता. १८ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल, नोकरी नीट चालली असेल. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तसं ते खोटंही नाही. नळाला पाणी येतं, मुलगी शाळेत जाते, माझं शिवणाचं मशीन चालू असतं.

फोन तुम्ही उचलत नाही. तक्रार म्हणून सांगत नाहीये. मुलगी लावते, तो वाजून वाजून बंद होतो, मग ती म्हणते, "काका कामात असतील." मी म्हणते, असतील. म्हणून शेवटी पत्र. ते वाजत नाही, तुम्हाला वाटेल तेव्हा उघडा.

आधी रस्त्याची बातमी देते, कारण आमच्या घरांच्या रांगेत दुसरी बातमीच नसते. हायवे पुन्हा करायला घेतलाय. या वेळी जुनं डांबर खरवडून काढतायत. गेल्या वेळी नुसतं झाडूनसुद्धा न घेता जुन्यावर नवं थापलं होतं, ते तुम्ही आलात तेव्हा पाहिलंच असेल. नाही, तेव्हा तुम्ही फार वेळ थांबला नव्हतात. तर सांगते. घाई इतकी होती की कुणाची तरी प्लास्टिकची चप्पल डांबरात तशीच गाडली गेली. निळा पट्टा वर दिसायचा. मुलं तिच्यावर पाय ठेवून बघायची, कुणाला येते म्हणून. रस्ता इतका वर आला की आमचं फाटक बाहेर उघडेना. तुमच्या दादांनी ते खालून करवतीने कापलं आणि म्हणाले, "घर खाली चाललंय की रस्ता वर, एकदा ठरवा म्हणावं." समोरच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानात तर थेंबभर पाऊस पडला तरी पाणी शिरायचं. तो बिचारा कपड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन उभा राहायचा.

आणि ती गटाराची झाकणं. रस्ता वर आला, झाकणं खालीच राहिली. प्रत्येक झाकणाच्या जागी एक खड्डा, कडा ताठ, चाक गेलं की आतच. गॅरेजसमोरचा सगळ्यांत वाईट. बादली बसेल एवढा खोल, आणि नेमका वळणावर.

आमची कमिटी तुम्हाला माहीत आहे. निवेदनकाका अध्यक्ष. त्यांचं खरं नाव आता त्यांच्या बायकोलाही आठवत नसेल. त्यांनी निवेदनं दिली. ऑफिसातून उत्तर यायचं की आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवला आहे. तो योग्य विभाग कुठे आहे ते काही कळलं नाही. मग लोकांनी आपलं आपण सुरू केलं. गॅरेजवाल्याने खड्ड्यात झाडाची फांदी खोचली, ती वाळून गेली. मग टायर ठेवला, तो कुणीतरी पळवला. शेवटी यांनी घरातली लाल प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली. तीच, एक हात तुटलेली. तुम्ही कॉलेजला असताना आमच्याकडे राहून अभ्यास करायचात आणि मागे रेलता रेलता हात मोडलात, ती. "निदान पळवणार तरी नाही कुणी," असं हे म्हणाले.

आणि खरंच कुणी पळवली नाही. उलट तिचा मान वाढला. पार्सलवाल्यांना पत्ता सांगताना लोक म्हणायचे, खुर्चीच्या पुढे या, खुर्चीच्या डावीकडे वळा. रात्री ट्रकचे दिवे तिच्यावर पडायचे आणि ट्रक वळसा घालून जायचे. मुलीने तिच्या पाठीला जुन्या पडद्याची चकाकणारी पट्टी बांधली. काही महिने आमच्या रांगेत एवढी एकच गोष्ट रस्त्यावर नीट काम करत होती.

मी बरी आहे. शिवणं भरपूर आहे, शाळेचे गणवेश आहेत. परवा एका सदऱ्याच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या कापल्या. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. कापड हातात धरून बसले, पण मला वाईट वाटलं नाही की हसूही आलं नाही. मग दुसरं कापड काढलं. शेजारणी म्हणतात, एकदा मोकळं रडून घे. मी म्हणते, हो. पाणी भरायचंय, कपडे वाळत घालायचेत, त्यातच ते एक काम राहून गेल्यासारखं.

मुलगी आली शाळेतून. उरलेलं उद्या लिहिते.

ता. १९

काल वर जे लिहिलं ते वाचून पाहिलं. मी तुम्हाला चप्पल सांगितली, इस्त्रीवाला सांगितला, टायर सांगितला. जे सांगायला बसले ते सांगितलंच नाही. आज तरी पोस्टात टाकायचं म्हणजे सांगायला हवं.

रस्त्याच्या कंत्राटदाराचा माणूस आला होता. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. बसला, पाणी प्याला, म्हणाला, "ताई, झालं ते फार वाईट झालं." मग म्हणाला, येत्या बुधवारी चौकशी आहे, तुम्हाला बोलावतील, तुम्ही फक्त खरं सांगा. धोक्याची खूण म्हणून खड्ड्यात खुर्ची होती ना? होती. त्या दिवशी ती कुणीतरी हलवली ना? हलवली. "मग ज्याने हलवली त्याचं नाव सांगून टाका, म्हणजे विषय संपला. आमच्या कंत्राटदारसाहेबांना उगाच त्रास नको आणि तुम्हालाही."

त्याला कुठून कळलं माहीत नाही. रांगेतल्याच कुणीतरी बोललं असेल. नाव त्याला कळलेलं नव्हतं, एवढंच कळलं होतं की कुणी पाहुणा होता.

मी त्याला म्हटलं, "रस्ता तुम्ही केला की खुर्चीने?" मोठ्याने नाही, जसं एरवी बोलते तसंच. तो उठला आणि बुधवारी भेटू म्हणून गेला. ग्लासातलं पाणी अर्धं तसंच होतं.

भाऊजी, मला माहीत आहे की खुर्ची तुम्ही उचललीत. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आणि तुम्हाला माहीत आहे की मला माहीत आहे. म्हणून तर सगळे पाहुणे गेले त्या सकाळी तुम्ही मला न सांगता निघून गेलात. चहा झाकून ठेवला होता तुमचा.

तुम्ही बसमधून उतरलात, खांद्याला बॅग, आणि आपल्या घरची खुर्ची भर रस्त्यात दिसली. कुणी टवाळखोराने खड्ड्यात टाकली असं वाटलं असणार. दुसरं काय वाटेल? आमच्या इथल्या माणसाने ती कधी उचलली नसती आणि परक्या माणसानेही उचलली नसती. ती फक्त तुम्हीच उचलणार, कारण ती तुमची होती. घरात कमिटीची मीटिंग, रस्त्याच्या ऑफिसातले साहेब पहिल्यांदाच येणार, खुर्च्या कमी. तुम्ही ती नळाखाली धुतलीत, तुमच्या रुमालाने पुसलीत आणि साहेबांना दिलीत. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते.

आता जे लिहायचं ते.

ती खुर्ची मी ओळखली. न ओळखायला काय झालं, पाठीला पट्टी होती. गॅरेजवाल्यानेही ओळखली, तो खोकला आणि माझ्याकडे बघितलं. निवेदनकाका निवेदन वाचता वाचता मध्येच थांबले, चष्मा वर केला, आणि पुन्हा वाचायला लागले. खोलीतल्या प्रत्येकाने पाहिलं होतं की खड्ड्यातली खुर्ची आत आलीय आणि तिच्यावर साहेब बसलेत. कुणी बोललं नाही. इतक्या विनवण्या करून आणलेल्या माणसाला उठा कसं म्हणायचं? तेही कशासाठी, तर तुमची खुर्ची खड्ड्यात ठेवायचीय म्हणून? आम्हा सगळ्यांना तेव्हा शिष्टाचार आठवला.

पण मुख्य ते नाही. मुख्य हे की तुमच्या दादांनीही पाहिली.

ते आत आले, मी चहा टाकत होते. त्यांनी माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "बघितलंस का? आपल्या शहाण्याने साहेबांना बरोबर खड्ड्याच्या आसनावर बसवलंय." आणि इतके हसले की टॉवेल तोंडात कोंबावा लागला. मी म्हटलं, अहो, बाहेर खड्डा उघडा आहे, दुसरं काहीतरी ठेवा तिथे. ते म्हणाले, "आता राहू दे, पाहुण्याला उठवायचं नाही. दूध कमी पडतंय, तेवढं घेऊन येतो. येताना गॅरेजातला टायर टाकतो त्यात." आणि स्कूटर काढली. जाताना दारातून परत एकदा साहेबांकडे बघून मला डोळा मारला.

म्हणजे त्यांना माहीत होतं. खुर्ची जागेवर नाही हे माहीत होतं, कुणी आणली हे माहीत होतं, आणि ते रागावले नव्हते. त्यांना हसू आलं होतं.

मग येताना ते कसे पडले, मला माहीत नाही. विसरले असतील. समोरून ट्रक आला असेल. त्या वळणावर आम्ही सगळे खुर्ची बघून स्कूटर वळवायचो, खड्डा बघून नाही. अंधार पडत आला होता. मी खूप विचार करून पाहिला आणि आता करत नाही.

तो आवाज आला तेव्हा साहेबांनी निवेदनकाकांना विचारलं, "असे आवाज रोज येतात का?" आणि काका म्हणाले, "रोज, साहेब!" त्यांना वाटलं, बरं झालं, साहेबांच्या कानावर तरी पडलं. मला त्यांचा राग येत नाही. ते आता घराबाहेर फारसे पडत नाहीत आणि निवेदनंही लिहीत नाहीत.

हे सगळं मी तुम्हाला तेव्हाच सांगू शकले असते. त्या सकाळी तुम्ही अंगणात नळाशी पाठमोरे उभे होतात, नळ चालू होता आणि तुम्ही हात धूत नव्हतात, नुसते उभे होतात. मला दिसत होतं तुमच्या मनात काय चाललंय. एक वाक्य पुरलं असतं, की दादांना माहीत होतं. मी ते बोलले नाही. तुम्ही गेलात, महिने गेले, तरी बोलले नाही. का, ते मी स्वतःला विचारलं. उत्तर चांगलं नाही. तुम्ही ते ओझं उचलून नेलं होतं तोवर मला काही उचलावं लागत नव्हतं. मीही पाहिलं होतं, मीही गप्प बसले होते, पण दोष तुमच्यापाशी आहे म्हटलं की मला शिवता येत होतं. तेवढं एक माणूस माझ्यासाठी दूर कुठेतरी दुःखी असू दे, असं वाटलं. असं मला वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

तुमच्यावर राग आहे का, असं विचाराल. नाही. खरं सांगायचं तर माझ्याकडे सध्या काहीच नाही. परवा मात्र एक झालं. रोलर चालू होता, मी दळण घेऊन येत होते. ते झाकण आता रस्त्याच्या बरोबरीने बसवलंय, वरून चेंडू गेला तरी अडणार नाही. पण मी पाहिलं, गॅरेजवाला सायकलवरून आला आणि त्या जागी वळसा घालून गेला. मागून इस्त्रीवाला आला, तोही वळसा घालून गेला. मग मी आले. सरळ जायचं असं ठरवून आले होते. पाय आपोआप डावीकडे गेले. मी तिथेच पिशवी खाली ठेवली आणि थोडा वेळ उभी राहिले. एका गाडीवाल्याने हॉर्न वाजवला.

तर बुधवारी चौकशी. मी सांगणार आहे की खुर्ची कुणी आत आणली ते महत्त्वाचं नाही, ती बाहेर का होती ते विचारा. रस्त्याचं काम खुर्चीवर का सोपवलं ते विचारा. हे मला नीट बोलता येईल की नाही, ठाऊक नाही. निवेदनकाका येणार नाहीत. गॅरेजवाला म्हणाला, येईन वहिनी, पण तिथे माझं तोंड उघडणार नाही. ते पुन्हा विचारतील, कुणी हलवली. मी तुमचं नाव घेणार नाही. तुम्ही आलात आणि तुम्हीच उभं राहून म्हणालात की मी आणली, आमच्या घरची होती म्हणून आणली, तर त्यांच्यापाशी विचारायला काही उरणार नाही. नाही आलात तरी मी जाणारच आहे. पण तुमच्या दादांच्या बाजूने आपल्या घरचं आणखी एक माणूस तिथे असावं, असं मला वाटतं. वाटतं, हा शब्द लिहिला गेला. बऱ्याच दिवसांनी लिहिला.

खुर्ची स्वयंपाकघरात आहे. मी तिच्यावर चढून वरचे डबे काढते. मुलगी म्हणाली, पट्टी सोडू का आता? मी म्हटलं, काका आल्यावर विचारू.

दुपारच्या बसच्या वेळेला माझं मशीन थांबतं. बस वळणावर हळू होते, तिलाही अजून सवय आहे. कुणी उतरलं की नाही ते बघते आणि मग पुन्हा शिवायला घेते.

ते नाहीत म्हणून सही काय करावी हे कळत नव्हतं. पण दिराचं नातं आपण होऊन सुटत नाही आणि वहिनीचंही.

तुमची,
अजून वहिनीच

ता. क. त्यांनी डोळा मारला होता, भाऊजी. हसत गेले. हे तुमचं आहे, ठेवून घ्या.