घरचं सोनं

अण्णा, मी अजून तुमच्यावर रागावलेलीच आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे स्वतःचे केस पांढरे झाले, तरी हा राग काही पिकून गळून पडत नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

जयनगरच्या त्या भाड्याच्या घरात, दसऱ्याच्या आधी, तुम्ही आईच्या पाटल्या मागितल्या होत्या. तिच्या माहेरच्या, जड, घासून गुळगुळीत झालेल्या. "पेटीतलं सोनं वाढत नाही गं, खाणीतलं रोज वर येतं," म्हणालात. "स्वल्प दम धर, डिव्हिडंड आला की दुप्पट वजनाच्या करू." तिनं साबणाचा हात लावून पाटल्या काढल्या, आणि तुम्ही त्या विकून सोन्याच्या खाणीचे शेअर घेतलेत. दसऱ्याला ते कागद देवापुढे ठेवून वर हळदकुंकू वाहिलंत! आईनं इकडच्या रीतीप्रमाणे आपट्याऐवजी शमीची पानं तुमच्या हातावर ठेवली, "सोनं घ्या," म्हणाली. तिच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या.

त्यानंतर ती कुठल्याही लग्नाला गेली की पदर मनगटावर ओढून बसायची. तुम्हाला दिसत नव्हतं? की दिसून न दिसल्यासारखं केलंत?

मग एका रविवारी शेजारचे बँकेतले मामा आले. आई कॉफी घेऊन दारात उभी, मी तिच्या मागे. मामा म्हणाले, "राव, विकून मोकळे व्हा. सरकार खाण ताब्यात घेणार म्हणतायत. आज भाव आहे, उद्या तुमच्या कागदाला कुत्रं विचारणार नाही." आणि तुम्ही, मांडीवर थाप मारून, "छे हो! घरचं सोनं कुणी विकतं का?"

आई कॉफी पुढे ठेवून आत गेली. ती काही बोलली नाही, म्हणून आज मी विचारते: मग तिच्या पाटल्या काय पितळेच्या होत्या? कागदाला कुंकू लावलं की तो लक्ष्मी, आणि बायकोच्या अंगावरचं ते नुसतं भांडवल?

सरकारनं खाण घेतलीच. भरपाई म्हणून जे हाती आलं त्यात एक पाटलीसुद्धा झाली नसती. तुम्ही गेल्यावर मी माझ्या शाळेच्या पगारातून तिला नव्या केल्या. तिनं मनगटाला लावून पाहिल्या आणि परत दिल्या. "आता नको गं. तू घाल." त्या घालूनच हे लिहितेय.

परवा माझा नातू कोरमंगलाहून आला होता. "आजी, या पाटल्या विकून टाक. सोन्याप्लॅटिनमच्या खाणींचे शेअर घेऊ, सोन्यापेक्षा जोरात वाढतात." मी ताडकन म्हटलं, "घरचं सोनं कुणी विकतं का?" तेच शब्द, तोच सूर, मांडीवर थापसुद्धा तीच. अंगाची लाही लाही झाली माझ्या.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते बरंच आहे. कारण पोरगं हसत म्हणालं, "भारी डायलॉग आहे, आजी! कुणाचा?"

मी म्हटलं, माझ्या आईचा.