मोहोरावरचे तुडतुडे आणि माझा डावा डोळा

मिठबाव,
पाडव्यानंतरचा मंगळवार

तीर्थरूप हरीमामांच्या चरणी भाचा गुरुदास याचा मिठबावहून लोटांगण घालून नमस्कार. मामींनाही सांगावा. इकडे आई बरी आहे, तुमची सूनबाई अक्षया बरी आहे, गाय गाभण आहे आणि आंबा बेताचा असला तरी आहे. तुमचा गुडघा, तुमचं पोट आणि तुमचा राग कसा आहे ते कळवावं. (राग आधी.)

मामा, मला दिसतं हो! बिनचष्म्याचं दिसतं! आजोळकडून लोकांना जमिनी मिळतात, मला मिळाला चौदा नंबर. सातवीपासून नाकावर ते ओझं. ते दिवाळीनंतर कोल्हापुरात उतरलं. दोन्ही डोळ्यांच्या आत, बुबुळामागे एकेक इवलीशी लेन्स बसवली. आता आंघोळीला साबण दिसतो, पहाटे उठल्यावर उशाखाली चाचपडावं लागत नाही. महिन्याभराने डॉक्टरांनी मुभा दिल्यावर समुद्रात डुबकी मारली आणि वर आलो तर किनारा होता तिथेच होता! (पूर्वी अंदाजाने पोहायचो. एकदा भलत्याच कुटुंबाच्या सहलीत जाऊन बसलो होतो.) आनंदाने मी किनाऱ्यावर ओरडत पळालो. आईने त्याच संध्याकाळी माझी दृष्ट काढली.

तर कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी निघताना नीट बसवून सांगितलं होतं की नंबर गेला, पण डोळा तोच आहे. मोठ्या नंबरवाल्याचा डोळा मागे लांबट झालेला असतो, त्यामुळे आतला पडदा ताणून पातळ होतो. लेन्स पुढे बसते, पडद्याला तिचा काही उपयोग नाही. दरवर्षी थेंब घालून पडदा तपासायचा, आणि मधेच चमकायला लागलं, काळे ठिपके आले किंवा बाजूने सावली सरकली तर त्याच दिवशी यायचं. हे सगळं अक्षयाने ऐकलं. मी ‘नंबर गेला’ इथपर्यंत ऐकलं आणि पुढे खिडकीबाहेरच्या पाट्या वाचत बसलो.

जानेवारीत कलमं मोहोराने नुसती लवली होती. एके दिवशी तिन्हीसांजेला बागेतून येताना डाव्या बाजूला लख्खकन वीज चमकली. मग पुन्हा. मोहोरावर पाऊस म्हणजे आमचं वर्ष गेलंच, तुम्हाला काय सांगायचं! मी धावत शेजारच्या बाबलीकाकाकडे गेलो. तो आभाळाकडे बघून म्हणाला, “एक ढग नाय आणि वीज खंय दिसली तुका?” मी म्हटलं, “काका, माजे डोळे नवे आसत.” झालं! नव्या डोळ्यांवर वाडीचा भरवसा. सगळ्यांनी वाळत घातलेल्या सुपाऱ्या आत घेतल्या, गवत झाकलं आणि दोन दिवस पावसाची वाट बघितली. थेंब नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेलो तर प्रत्येक मोहोरावर बारीक काळे तुडतुडे! (मामी डोंबिवलीच्या, त्यांच्यासाठी सांगतो: हे किडे मोहोराचा रस शोषतात आणि मोहोर करपतो.) या कलमावर, त्या कलमावर, जिकडे बघावं तिकडे. पंप काढला, सगळी बाग धुऊन काढली. माझं बघून बाबलीकाकाने फवारलं, त्याचं बघून पलीकडच्यांनी. तरी तुडतुडे तसेच. शेवटी कृषी सहायक बाईंना बोलावलं. त्यांनी पांढरा कागद धरून मोहोर झटकला आणि म्हणाल्या, “एकही नाही.” मी म्हटलं, “मॅडम, पंधरा तरी आहेत.” आणि चिरडायला बोट ठेवलं, तर सगळे टुणकन बाजूला सरकले. बाई कागदाकडे बघतात, माझ्याकडे बघतात. मी घरी आलो आणि ओटीच्या भिंतीवर चपलेने तुडतुडे मारायला लागलो.

अक्षया स्वयंपाकघरातून बाहेर आली. “भिंतीर खंयचे तुडतुडे? मोहोर काय भिंतीक इलो?” असं म्हणाली खरी, पण पुढचं हसू तिच्या तोंडातच राहिलं. फळीवरचा दवाखान्याचा कागद काढून तिने मोठ्याने वाचला. वीज चमकल्यासारखा प्रकाश. काळे ठिपके. मामा, मी हातातली चप्पल पायात घातली.

दहा मिनिटांत गाडी दारात. बाबलीकाकाला एवढंच कळलं की गुरुदास डॉक्टरकडे चाललाय, तर तो रस्त्यात आडवा उभा राहून गाऱ्हाणं घालायला लागला, “बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या डोळ्यात जी काय नवी काच बसयली आसा, ती गावाच्या उपयोगाक पडता आसा, तिचो सांभाळ कर रे म्हाराजा!” आणि मागून सगळी वाडी, “होय म्हाराजा!” मी पण गाडीतून “होय म्हाराजा” म्हटलं. घाटभर डाव्या डोळ्यावर हात ठेवून बघत होतो, काढून बघत होतो. अक्षयाने शेवटी हातच धरून ठेवला. खूप घाबरलो होतो, मामा. कोल्हापुरात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तर पडद्याला भोक पडलं होतं. जाळं फाटलं की कडेकडेने ओवून घेतात, तसं लेझरने भोकाभोवती शिवून घेतलं. पाऊण तास हिरव्या ठिणग्या बघितल्या. बाई म्हणाल्या, आणखी दोन-चार दिवस फवारणी करत बसला असतात तर पडदा सुटून आला असता. आता डोळा उत्तम आहे! दोन-तीन तुडतुडे राहिलेत, ते कायमचे, त्यांच्याशी माझं जमतं.

थोरांस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद, शेजारच्यांस जे योग्य वाटेल ते.

तुमचा,
गुरुदास

ता. क. तुडतुडे कुठे होते हे बाबलीकाकाला अजून माहीत नाही. शनिवारी देवळात वाडीतर्फे मला शाल-नारळ आहे, ‘संकट वेळीच ओळखल्याबद्दल’. कृपया बोलू नये.

ता. क. दुसरं, आणि खरं म्हणजे पत्र याच्यासाठी. काल मामींचा फोन आला. चार दिवस तुम्ही नवव्या मजल्यावर भर दुपारी रॅकेट घेऊन डास मारताय म्हणे, जे घरात दुसऱ्या कोणाला दिसत नाहीत. आणि दिवाणखान्यातला दिवा मधेच चमकतो म्हणून दोनदा वायरमन बोलावलात. मामा, तुमचा अकरा नंबर. तुमच्या डोळ्यात लेन्स नसेल, पण पडदा आजोळचाच. फोनवर मी डोळ्याचं नाव काढलं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून हे पत्र आंब्याच्या पेटीत घालून रात्रीच्या गाडीने धाडलंय. पेटी घेऊन दारात उभा आहे तो तुमचा जावई सुदेश. तो बसणार नाही, चहा घेणार नाही. खाली रिक्षा थांबवून आलाय. पडद्याच्या डॉक्टरांकडे साडेअकराची वेळ आहे, थेंबांनी अंधुक दिसेल म्हणून परत तोच आणणार आहे. जावयाला दारातून फिरवून लावलंत तर मामी काय म्हणतील ते तुम्हीच बघा.

आंबे अजून हिरवे आहेत, पिकायला चार दिवस लागतील. डोळ्याला तेवढे नाहीत. चपला घाला, मामा.