आवाज बंद ठेवून

रविवार, दुपारचे तीन

चि. भुंग्यास,

अनेक आशीर्वाद. चोपन्नाव्या वर्षी नावामागे 'चि.' बघून हसू येईल, तर हस. तू कितीही म्हातारा झालास तरी मी तुझ्याहून सहा वर्षांनी पुढेच राहणार, त्याला इलाज नाही.

फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर चारदा लिहायला घेतलं आणि चारदा पुसलं. पुसलं की तिथे काही उरतच नाही. कागदावर निदान खाडाखोड तरी राहते, म्हणजे हिला लिहायला जड गेलं एवढं तरी समोरच्याला कळतं.

इकडचं सगळं ठीक. गुडघा जिन्यात कुरकुरतो, सपाटीवर गप्प असतो. तुझे भाऊजी डोक्यावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधतात, आणि बायको पंचवीस वर्षं चष्म्याच्या दुकानात! काल माझाच घालून पेपर वाचत बसले आणि वर म्हणतात, "आज छपाई चांगली आहे."

दुकानाचं फोनवरचं पान आमच्या मालकीण मॅडमनी माझ्या गळ्यात मारलंय ते तुला माहीतच आहे. रोज नव्या फ्रेमचे फोटो टाकायचे, लोकांना उत्तरं द्यायची, "रविवारी चालू असतं का" याला दिवसातून अकरा वेळा "नाही" म्हणायचं. त्यात माझं स्वतःचं खातं, त्यात बिल्डिंगचा ग्रुप, त्यात शाळेतल्या मैत्रिणींची नातवंडं. अंगठा दुखायला लागला, तेव्हा मी ती पद्धत काढली. गेल्या वर्षी फोनवर तुझ्यापुढे अर्धा तास फुशारकी मारली होती बघ. तू मधे बोलायला बघत होतास आणि मी म्हटलं, "थांब भुंग्या, आज माझा नंबर."

पद्धत परत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालंय. माणसांच्या दोन याद्या. नावं दुकानातलीच, 'जवळचे' आणि 'लांबचे'. जवळचे रोज बघायचे. लांबचे फक्त रविवारी सकाळी, चहाचा कप संपेपर्यंत. लांबच्यांचं 'आणखी वाचा' दाबायचं नाही, पहिल्या दोन ओळींत अंदाज येतो. व्हिडिओ आवाज बंद ठेवून बघायचे, निम्मा वेळ वाचतो. बाळ दिसलं की बदाम, डोंगर दिसला की टाळ्या, विनोद वाटला की हसरा चेहरा. चाळीस माणसं वीस मिनिटांत. मॅडमनी माझं कौतुक केलं होतं.

तर आता ऐक. तू 'लांबचे'मध्ये होतास.

लिहिलं एकदाचं. अरे, तू दिवसाला पंधरा-पंधरा गोष्टी टाकायचास! शिकाऊ गाडी, चौकातली कोंडी, गिअर अडकवून घामाघूम झालेले तुझे विद्यार्थी आणि तुझं ते "क्लच, क्लच, अहो क्लच म्हणजे डावा पाय!" पहिले दोन महिने मी खो खो हसले. मग दुकानाच्या गिऱ्हाइकांचे प्रश्न तुझ्या क्लचखाली गाडले जायला लागले. पाळण्यातून उतरल्यापासून माझ्यामागे भुंगा लावलास म्हणून तर तुझं हे नाव पडलं. एक दिवस मी तुला अलगद उचललं आणि पलीकडच्या यादीत ठेवलं. नव्या फ्रेमची गडबड संपेपर्यंत, असं मनाशी म्हणून. त्याला सात महिने झाले.

इथवर लिहून उठले होते. घासलेली भांडी परत घासली. आता बसते.

मागच्याच्या मागच्या रविवारी तुझ्या दोन ओळी दिसल्या. "मंडळी, आनंदाची बातमी! पुढच्या मंगळवारपासून भुंगा कायमचा बंद. सगळ्यांच्या कानांना सुट्टी..." आणि खाली ते 'आणखी वाचा'. मला वाटलं, चला, शहाणपण आलं, खातं बंद करतोय वाटतं. हसरा चेहरा टाकला आणि लिहिलं, "सुटलो एकदाचे!" सगळ्यांच्या आधी. आणि पुढे सरकले.

मागच्या रविवारी तुझे सहा व्हिडिओ ओळीने. खिडकीपाशी बसून बोलतोयस, गाडीत बसून बोलतोयस. भुवया वर, हात हवेत. माझा आवाज बंद. सहा बदाम टाकले, एक मिनिटही लागलं नाही.

गुरुवारी तुझ्या चष्म्याच्या काचा तयार झाल्या म्हणून मी तुला फोन केला. वहिनीने उचलला. म्हटलं, "दे त्याला."

"ताई, ते कसे बोलणार?"

"का, रुसलाय?"

"ताई, परवा ऑपरेशन झालं ना. गाठ काढताना आवाजाची पेटीच काढायला लागली. तुम्हाला ठाऊक आहे की सगळं. पहिली कॉमेंट तर तुमचीच होती."

पलीकडे ती बोलतच होती. "खरं सांगू, तुमच्या त्या एका ओळीनेच ते हसत हसत आत गेले. नर्सना फोन दाखवत होते. म्हणे, माझी ताई बघा, रडत नाही बसली, उलट मलाच चिडवतेय."

आणि मी म्हटलं, "हो."

भुंग्या, मी हो म्हटलं. तेव्हापासून ते 'हो' माझ्या घशात अडकलंय, असं लिहिणार होते, पण तुला मी काय घशाचं सांगू.

मी धीट-बिट काही नव्हते रे. मला माहीतच नव्हतं. तू ज्याच्यावर हसत आत गेलास तो माझा धीर नव्हता, माझा रविवारचा उरक होता. गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं, हेही खरं. तीन दिवस तोच विचार केला. पण मग तू जन्मभर मला धीट समजला असतास आणि मला तुझ्याकडे मान वर करून बघता आलं नसतं.

गुरुवारपासून ते सहा व्हिडिओ ऐकले. आवाज लावून, दार लावून. तुझा आवाज किती घोगरा झाला होता! म्हणून मग मागचेही ऐकले, क्लचवाले. चार महिन्यांपासून घोगरा आहे तो. कुणी ऐकत असतं तर तेव्हाच म्हणालं असतं, बाबा रे, घसा दाखवून ये. हे ऐकणारं माणूस मी असायला हवं होतं. तू लहान असताना नुसता शिंकलास तरी मला दुसऱ्या खोलीत कळायचं.

एकात तू माझं सायकल शिकवणं सांगितलंस, की ताईने सीट धरलीय म्हणून मी जोरात मारत होतो आणि ती केव्हाच मागे राहिली होती. एकात बाबांची दुपारची झोप. रात्रपाळी करून आलेले असायचे, घरात चकार शब्द काढायचा नाही, म्हणून आपण खोलीच्या दोन टोकांना बसून नुसत्या ओठांनी बोलायचो. तू तेव्हाही थांबायचा नाहीस.

आणि पाचव्यात ते. "ताई वसतिगृहात जायला निघाली तेव्हा दारात 'येते' म्हणाली. मी दहा वर्षांचा. मला ते खरंच वाटलं. संध्याकाळपर्यंत जिन्यात बसून होतो." एवढं मोठं झाल्यावर मला हे कळतंय! कधी बोलला नाहीस. इतकं बोललास, पण हे नाही.

सातवा सोमवारचा आहे, ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचा. तो ऐकायचा धीर होत नाहीये. तो ऐकला की तुझा आवाज संपला. चष्मा घेऊन शुक्रवारी येऊ का, हे विचारायला हे पत्र. रागावला असशील तर वहिनीकरवी कळव, चष्मा टपालाने पाठवेन. पण रागावलास तरी माझं नाव टाकू नकोस.

पाच वाजले

पत्र पाकिटात घातलं होतं. परत काढलं. सातवा ऐकला.

"उद्या आत जायचंय," म्हणालास. "सगळे विचारतात, ताईला कळवलं का. तीनदा फोन हातात घेतला, पण तिला रडवून मग आत जायचं, हे मला नाही जमणार. आणि तिने लिहिलंय की, सुटलो एकदाचे. आता दोनच शक्यता. एक तर माझी ताई फार धीट आहे. नाहीतर तिने 'आणखी वाचा' दाबलेलं नाही." मग तू हसलास, हसता हसता खोकलास. "झुरळ दिसलं की टेबलावर चढणारी बाई ती. दाबलेलं नाही. पण मी सगळ्यांना पहिलंच सांगणार आहे."

मेल्या! म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. आणि तरी माझी लाज राखायला नर्सना फोन दाखवत फिरलास! मी इतकी रडले की भाऊजी स्वतःचा चष्मा शोधायचं सोडून आत आले.

शेवटी तू म्हणालास, "आता हे ताईसाठी. ती आवाज बंद ठेवूनच बघणार." आणि मग नुसते ओठ हलवलेस. बाबा झोपलेले असताना हलवायचास तसे. एकदाच, सावकाश. मला परत लावून बघावं लागलं नाही.

याद्या मोडलेल्या नाहीत मी, दुकानाचं पान चालवायचंय. पण 'जवळचे' उघडलं की आता पहिलं नाव तुझं आहे. वहिनी म्हणाली, बरा झालास की गाडीत टिचक्या मारून शिकवणार आहेस, एक टिचकी ब्रेक, दोन क्लच. तेही टाक. तेही मी आवाज लावूनच बघेन.

शुक्रवारपर्यंत कोण थांबतंय. उद्या सकाळच्या गाडीत बसते. म्हणजे हे पत्र टपालात टाकण्यात काही अर्थ नाही, मीच हातात देईन. नवा चष्मा लाव आणि पहिलं हे वाच. मी समोर बसेन आणि आयुष्यात एकदा तू संपवेपर्यंत गप्प राहीन.

तू ओठांनी विचारलंस ना, "येतेस?"

वाट बघायला जिन्यात येऊन बसू नकोस, टाके ओले आहेत. पण या वेळी मी हे दारातून निघताना म्हणत नाहीये.

येते.

तुझी ताई